थोरलीचा कोट

दिवाळीच्या सुट्टीचा दुसरा दिवस होता. अलिगढहून थोरलीनं फोनवर एक फोटो पाठवला. उंटाच्या रंगाचा, गुडघ्याखाली उतरणारा, ढगळ बाह्यांचा एक लांब कोट. खाली तिनं लिहिलं होतं, ‘असा मिळेल का? नाही मिळाला तरी चालेल.’ ज्या घरातली मुलगी वसतिगृहात राहते, त्या घराला ‘नाही मिळाला तरी चालेल’ याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आम्ही म्हणजे घरातल्या तिघी: अम्मी, त्यांची मुलगी आणि ही लिहिणारी सून, जी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. या हिवाळ्याचं शिवण तिघींनी मिळून केलं आणि चुकाही तिघींनी वाटून घेतल्या, म्हणून इथं सगळं ‘आम्ही’च.

थोरली अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या विमेन्स कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली मुलींसाठी जी छोटीशी शाळा काढली, तिचंच हे वाढलेलं रूप. तिला तिथं पाठवताना आम्ही मुसल्ला दिला, लोणच्याची बरणी दिली, सुई-दोऱ्याची डबीसुद्धा आठवणीनं दिली. थंडीचा अंदाज मात्र आम्हाला नव्हता. निगडीची थंडी म्हणजे फार तर दीड महिना. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधी १० अंशांच्या खाली उतरतो, भक्ती-शक्ती चौकात कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या बायका तोंडाला स्कार्फ गुंडाळून उभ्या दिसतात, पण नऊ वाजले की ऊन येतं आणि स्वेटर पिशवीत जातो. अलिगढला ऊनच येत नाही. धुकं दिवसचे दिवस हलत नाही, भिंतीला हात लावला तर गार चटका बसतो, धुतलेला कुर्ता तीन-तीन दिवस ओला.

हे सगळं आम्हाला कळलं ते मे महिन्यात. पहिल्या हिवाळ्यात फोनवर विचारलं की ती म्हणायची, ‘ठीक आहे, चालतंय.’ सुट्टीला आली तेव्हा तिच्याबरोबर आलेली मैत्रीण बोलता बोलता बोलून गेली, की ही दोन स्वेटर एकावर एक घालून वर शाल पांघरून वर्गात बसायची आणि जानेवारीभर खोकत होती. ‘का गं सांगितलं नाहीस?’ तर खाली बघत म्हणाली, ‘अब्बूंचा ओव्हरटाइम बंद झाला होता ना.’ अम्मी त्या दिवशी कुणाशी फारशा बोलल्या नाहीत.

त्यामुळे या वर्षीचा तो फोटो आमच्यासाठी नुसता हौसेचा नव्हता.

चिंचवडच्या एका मॉलमध्ये तसल्याच धाटणीचा कोट होता, तो आम्ही हात लावून पाहिला. किंमत ११,९९९ रुपये. आतली पट्टी वाचली तर बहुतेक सगळं पॉलिएस्टर. नणंदेनं बाही उलटी करून शिलाई पाहिली, अस्तर चिमटीत धरून पाहिलं आणि हळूच म्हणाली, ‘भाभी, हे तर आपण शिवू.’ ती घरी ब्लाऊज, सलवार-कमीज आणि शाळेचे गणवेश शिवते. हात चांगला आहे. पण कोट आम्हा तिघींपैकी कुणीच कधी शिवला नव्हता. अम्मींना मॉलमध्ये बसायला जागा मिळाली नव्हती, त्यामुळे त्यांनी लगेच होकार दिला.

फोटोतला कोट मुळात कुणाचा हे शोधलं तेव्हा गंमत वाटली. मॅक्स मारा या इटालियन कंपनीचा तो १९८१ सालचा कोट. १०१८०१ या क्रमांकानंच तो जगभर ओळखला जातो. तो काढला ॲन-मारी बेरेता या फ्रेंच डिझायनर बाईंनी. अस्सल कोट लोकर आणि कॅशमिअरचा असतो. कॅशमिअर म्हणजे शेळीच्या अंगावरची आतली मऊ लोकर, आपली पश्मिना त्याच घराण्यातली. किंमत लाखांत. ही कंपनी १९५१ साली अकिले मारामोत्ती यांनी सुरू केली, पण त्याआधी त्यांच्या आई मुलींना शिवण शिकवायच्या, त्यांच्या शिवणशाळा होत्या. हे अम्मींना सांगितलं तर म्हणाल्या, ‘मग ती बाई आपल्यातलीच.’

शिवणाला आपल्याकडे कमी कधी लेखलं गेलं नाही. सुई-दोऱ्यानं कपडा शिवणारे पहिले हजरत इद्रिस (अ.स.) असं परंपरेत सांगतात, आणि म्हणूनच उत्तरेकडची दर्जी बिरादरी स्वतःला इद्रिसी म्हणवते. इकडे मराठी मुलखात संत नामदेव शिंपी घराण्यातले. पैगंबर (स.) स्वतःचा कपडा स्वतः सांधत, हे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेलं आपण सगळेच ऐकत आलोय. तरीही घरी शिवलेला कपडा म्हणजे पैसे नसल्याची खूण, असं आमच्याच मुलांना कधी वाटायला लागलं, ते आमच्या लक्षात आलं नाही.

कापडासाठी गेलो पिंपरी कॅम्पात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती इथं झाली आणि त्या वस्तीनंच ही बाजारपेठ उभी केली. निगडी-आकुर्डीच्या लग्नांचा बस्ता आजही बहुतेक इथूनच. कोटाचं अस्सल लोकरी कापड दोन दुकानांत दाखवलं, पण मीटरचा भाव ऐकून आम्ही पाणी प्यायला बाहेर आलो. अम्मींनी समोरच्या दुकानातल्या ब्लँकेटांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. ‘हे कापड नाही तर काय आहे?’

पानिपतचं ब्लँकेट. परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून, पुन्हा सूत काढून पानिपतमध्ये ही ब्लँकेटं विणतात. म्हणजे कुणाचा तरी जुना कोटच फिरून आमच्याकडे आला, पुन्हा कोट व्हायला. ६० बाय ९० इंच, रंग जवळपास फोटोतलाच, ९०० रुपये. दुकानदार म्हणाला, प्युअर लोकर. नणंदेनं कडेचे दोन-तीन धागे काढून घेतले आणि घरी आल्यावर गॅसवर धरले. वाचक बहिणींनी ही परीक्षा लक्षात ठेवावी: लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, प्लास्टिकचा धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. आमच्या धाग्यांनी दोन्ही केलं. वासही आला, गोळीही झाली. निम्मीशिम्मी लोकर असावी. परत करायला पुन्हा पिंपरीला कोण जाणार, म्हणून ठेवलं.

खरं तर घरात अस्सल लोकर होती. अम्मींच्या माहेरची, माणदेशातली घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर, सणगरानं हातमागावर विणून चिंचोक्याची खळ दिलेली, पावसाचं पाणीसुद्धा सहज न मुरणारी. पण ती टोचते, वजनाला भारी, आणि मुख्य म्हणजे तिला कात्री लावू का, असं विचारायची आमची हिंमत झाली नाही. अम्मींनीही आपणहून काही म्हटलं नाही.

ब्लँकेट कापण्याआधी कोमट पाण्यातून काढून सावलीत वाळवलं. लोकर नंतर आटते, शिवलेला कोट आटला तर तो धाकटीला द्यावा लागेल. लांबीत दोन इंच गेले.

आता माप. मुलगी दीड हजार किलोमीटरच्या आसपास लांब, ट्रायल कशी घेणार? तिचा जुना कमीज घरी होता, त्यावरून छाती, खांदा, लांबी घेतली. आत दोन कपडे मावतील म्हणून छातीला सहा इंच सैल धरलं. मूळ कोटाची बाही आणि अंग जवळपास एकच कापलेलं असतं, मुंढा अगदी खाली, किमोनोसारखा. असा कोट अंगाला घट्ट बसावा लागत नाही. खांदा इंचभर इकडे-तिकडे झाला तरी कळत नाही. ट्रायल नसलेल्या शिवणासाठी यापेक्षा सोयीची फॅशन नाही. फक्त ब्लँकेटच्या रुंदीत अंगासकट बाही निघेना, म्हणून खांदा उतरता ठेवून बाही वेगळी कापायची ठरली.

तिथंच घात झाला. दोन्ही बाह्या एकाच बाजूनं खडूनं आखल्या आणि एकाच बाजूनं कापल्या. इशाची नमाज झाल्यावर जोडायला बसलो तर दोन्ही डाव्या. उरलेल्या कापडात तळहाताएवढे तुकडे. नणंद रडकुंडीला आली, आणि शाळेत मुलांना ‘दोनदा वाचा, मग लिहा’ सांगणारी तिच्या शेजारी तोंडात मारल्यासारखी बसली. अम्मी आल्या, एक बाही उचलली, उलटी केली. झाली उजवी. ब्लँकेटला दोन्ही बाजूंना लव असते हे आमच्या ध्यानातच नव्हतं. उलट्या बाजूचा रंग मात्र अर्धी छटा गडद. मग ती चूक वाटू नये म्हणून कॉलर आणि खिशांच्या झडपाही उलट्या बाजूनं काढल्या. आता ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. डिझायनर लोकांच्या किती गोष्टी अशाच सुरू झाल्या असतील कुणास ठाऊक.

ऊब कापडात नसते, कापडात अडकून राहिलेल्या हवेत असते. हवा उष्णतेची दुर्वाहक, हे पाचवी-सहावीचं विज्ञान. पण वारा आला की जाळीदार विणीतून ती हवा निघून जाते आणि जाड कोट घालूनही हुडहुडी भरते. म्हणून लोकर आणि अस्तर यांच्यामध्ये आम्ही घट्ट विणीच्या सुती कापडाचा एक थर घातला. वरून कुणाला दिसत नाही, पण निम्मं काम तोच करतो. आतलं अस्तर साटीनचं, कारण स्वेटरवर कोट चढवताना बाही अडकता कामा नये.

तीन थर झाले आणि अम्मींचं काळं, पायाचं उषा मशीन बसलं. कॉलरच्या जोडावर तर थर सहा. एका संध्याकाळी तीन सुया तुटल्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या ताई चाकणच्या बाजूला एका कारखान्यात मोटारींची सीट कव्हरं शिवतात. चारच्या सुमाराला शिफ्ट संपवून येतात. त्यांना बोलावलं. त्यांनी सुईचा नंबर विचारला, हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी १८ नंबरच्या सुया आणून दिल्या. मग धडा सुरू झाला. जाड थराला टाका लांब ठेवायचा, बारीक टाका कापड कापत जातो. जोडाच्या आतले थर एकाच रेषेत कापायचे नाहीत, पायरीसारखे एकापेक्षा एक आखूड कापायचे, म्हणजे उंचवटा राहत नाही. उंचवट्यावर मशीन पायानं मारायचं नाही, चाक हातानं फिरवत टाका-टाका करत पार करायचं. आणि शिवण्याआधी जोड लाटण्यानं ठोकायचा. हे ऐकून अम्मींनी लाटणं दिलं, पण पोळ्यांचं नाही, जुनं.

चहा घेताना ताईंनी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या डोक्यातून जात नाही. सीटच्या कडेला जिथं आत एअरबॅग असते, तिथली शिलाई मुद्दाम ठरवून कच्ची घालतात. अपघात झाला की ती शिलाई क्षणात उसवली पाहिजे, नाहीतर फुगा बाहेर येणार नाही. तिथं धागा वेगळा, टाक्यांची संख्या मोजलेली, आणि अशा प्रत्येक शिलाईची नोंद. ‘बाकी सगळी शिलाई टिकावी म्हणून घालतो, ही फाटावी म्हणून,’ ताई म्हणाल्या. त्यांच्या बोटांना सुईच्या खुणा आहेत. आम्ही त्यांना शिलाई विचारली तर त्यांनी फक्त नातीसाठी उरलेल्या तुकड्यांची टोपी मागितली.

कोटाबरोबर एक रजईची बंडी करायची होती, खोलीत बसून अभ्यास करताना घालायला. अम्मींचं म्हणणं, आत कापूसच हवा. त्यांच्या लहानपणी पिंजारी दारात येऊन पिंजण वाजवत कापूस पिंजायचा, त्या ताणलेल्या दोरीचा आवाज त्या अजून तोंडानं काढून दाखवतात. कापसाची ऊब खरीच वेगळी, पण कापूस एकदा भिजला की उन्हाशिवाय वाळत नाही आणि वाळला तर गोळे होतात. अलिगढच्या जानेवारीत ऊन कुठून आणायचं? म्हणून आत पॉलिएस्टरचं वॅडिंग घातलं आणि अम्मींची दोन दिवस नाराजी पत्करली. वरचं कापड त्यांच्याच जुन्या सुती साडीचं घेतलं, तेव्हा त्या निवळल्या. दोन-दोन इंचांवर तिरप्या शिलाया मारल्या. त्याहून लांब मारल्या तर आतला थर खाली घसरतो.

या बंडीत आम्ही एक चोरी केली. शनेलच्या जॅकेटांत खालच्या दुमडीच्या आत एक बारीक साखळी शिवलेली असते. तिच्या वजनानं जॅकेट सरळ पडतं, वर गोळा होत नाही. वॅडिंगची बंडी तर हमखास फुगून वर येते. रविवार पेठेत बटणं घ्यायला गेलो तिथंच पितळी रंगाची साखळी मीटरवर मिळाली. निगडीहून बसनं पिंपरी, तिथून मेट्रोनं कसबा पेठ. निगडीपर्यंतचं मेट्रोचं काम सुरू आहे, ते झालं की बसचं झंझट संपेल. साखळी लावली आणि बंडी खरोखर शहाण्यासारखी सरळ पडली. त्या फ्रेंच बाईंनी म्हणे ऑस्ट्रियातल्या एका हॉटेलच्या लिफ्टवाल्या पोराच्या जॅकेटवरून आपलं जॅकेट बेतलं होतं. त्यामुळे आम्हाला फार अपराधी वाटलं नाही.

फ्लॅनेलचे दोन कुर्ते आणि आतून अस्तर लावलेल्या सलवारी यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्या दोन दुपारींत झाल्या.

आता त्या गोष्टीबद्दल, जिच्यामुळे घरात दोन दिवस फोन बंद होता.

रविवार पेठेतच एका दुकानात बटणांच्या डब्यांशेजारी विणलेली लेबलं टांगलेली होती. देशी-परदेशी मोठमोठ्या कंपन्यांची नावं, सोनेरी धाग्यात, दहा रुपयांना एक. आम्ही गंमत म्हणून थोरलीला सांगितलं. ती एकदम म्हणाली, ‘घेऊन टाका ना एक. इथं मुली कॉलर उलटून बघतात. सगळ्यांचे कोट असेच असतात, खऱ्या कुणाकडे आहेत?’ आम्ही नाही म्हटलं. ती म्हणाली, ‘आकार कॉपी केलेला चालतो, साखळी कॉपी केलेली चालते, आणि नाव चालत नाही? मग आधीच नाही म्हणायचं होतं.’ आणि फोन ठेवला.

प्रश्न खोटा नव्हता. शाळेत परीक्षेच्या वेळी मुलांच्या बाह्या तपासणारीला तो जास्तच लागला. अम्मी तर थोरलीच्या बाजूच्या. ‘कपडा आपण शिवला, पैसे आपण दिले, विकायला थोडंच निघालोय? पोरीचं मन राखलं तर कुणाचं काय बिघडलं?’ नणंदेचं म्हणणं, लेबल लावलं की शिवणारीचं नाव पुसलं. ती हे जरा जोरात म्हणाली, आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की दोन आठवडे रात्री बारापर्यंत मशीनवर तीच बसत होती.

आम्ही कायदाही चाळून पाहिला. आपल्याकडे २००० सालच्या डिझाईन कायद्यानं नोंदवलेल्या आकाराला १० वर्षं संरक्षण मिळतं, मुदत वाढवून घेतली तर आणखी ५. त्यानंतर तो आकार सगळ्यांचा. नावाचं तसं नाही. ट्रेडमार्कची नोंदणी दर १० वर्षांनी पुन्हा करत राहिलं तर नाव कायम त्याच्या मालकाचं. म्हणजे कायद्यालाही आकार आणि नाव यांत फरक दिसतो. कोटाचा आकार लिफ्टवाल्या पोराकडून बाईंकडे, बाईंकडून आमच्याकडे असा फिरतच आलाय. ज्या शेरवानीसाठी अलिगढ ओळखलं जातं, तीसुद्धा आपली अचकन आणि इंग्रजांचा फ्रॉक कोट यांच्या सोयरिकीतून झाली. उलट दिशेनंही चालतं: डोल्चे अँड गबाना या इटलीच्या घराण्यानं २०१६ साली हिजाब आणि अबायांचा संग्रह काढला, आमच्या आज्यांना कुणी विचारायला आलं नाही आणि त्यांची तक्रारही नाही.

पण कायद्यापेक्षा एक हदीस आम्हाला जास्त अडवत होती. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. जे आपल्याला मिळालेलंच नाही ते मिळाल्याचा आव आणणाऱ्याबद्दल पैगंबरांनी (स.) जी उपमा दिली, ती नेमकी कपड्याचीच आहे: खोटेपणाचे दोन कपडे अंगावर चढवलेला माणूस. आयुष्यात कितीदा तरी वाचलेली हदीस. हातात खरोखर एक कोट असताना ती पहिल्यांदा समजली. अम्मींना वाचून दाखवली. त्या बराच वेळ बटणं ओवत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मग जागा मोकळी ठेवू नका. टांगायला फास तरी लावा तिथं.’

थोरलीला मात्र ती हदीस फोनवर ऐकवली नाही. वर्गात जे चालतं ते फोनवर चालत नाही. शिवाय एक गोष्ट मनात कुठंतरी बोचत होती. आदल्या वर्षी पैसे वाचवायला तीच थंडीत गप्प बसली होती. तिला आता खरेपणाचा धडा देणारे आम्ही कोण? दोन दिवस तिचा फोन नाही, आमचाही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, ‘खिसे आतून मऊ कापडाचे आहेत ना? हात फुटतात.’ खिसे आतून फ्लॅनेलचे होते.

नुसत्या कोटाचा खर्च असा झाला: ब्लँकेट ९००, मधलं सुती कापड २४०, साटीन ३३०, बटणं १५०, कॉलरचं कॅनव्हास १२०, धागा आणि सुया ११०. एकूण १,८५०. तीन मोडलेल्या सुया यात धरलेल्या नाहीत आणि नणंदेच्या रात्रीही नाहीत. मॉलच्या किमतीशी तुलना करताना त्या धरायला हव्यात, नाहीतर घरचं शिवण स्वस्त असतं असा गैरसमज होतो. नणंदेनं तेवढ्या वेळात गणवेशांचे किमान तीन हजार मिळवले असते. ते तिनं सोडले, आणि हे तिनं नव्हे, आम्ही हिशेब केला तेव्हा दिसलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळं एका जुन्या चादरीत बांधून, वर कापड शिवून, स्पीड पोस्टानं पाठवलं. पार्सल शिवायला अम्मी बसल्या. टाके इतके घट्ट की वसतिगृहात ते उघडायला म्हणे दोन मुली लागल्या.

पोहोचल्याचा निरोप रात्री उशिरा आला. फोटोत धुकं, विजेचा एक खांब आणि पाठमोरी थोरली. कोट पोटरीपर्यंत, पाठीवर सरळ पडलेला. डावी बाही अर्धा इंच लांब झालीय, पण बरंच आहे, बोटं आत जातात, असं तिनं लिहिलं. लेबलाबद्दल ती काही बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. नंतर कधीतरी दुसऱ्याच विषयात सांगून गेली, की मुली कॉलर उलटून बघायच्या त्या बघतातच; एकीनं तो फास धरून विचारलं, कुठून घेतला, आणि तिनं सांगितलं, माझ्या फुफीनं शिवलाय.

जानेवारीच्या मध्यावर तिचा निरोप आला. खोलीतल्या दुसऱ्या मुलीला, ती बिहारची, तसाच कोट हवा आहे. मापं कागदावर लिहून पाठवली होती, आणि खाली, ‘शिलाई किती सांगू?’ नणंद म्हणते दोन हजार, कमी नाही. अम्मी म्हणतात, घरापासून लांब असलेल्या पोरीकडून शिलाई कसली घ्यायची, कापडाचे घ्या. यावर घरात अजून एकमत झालेलं नाही. ब्लँकेट मात्र आणून ठेवलंय, पाण्यातून काढून वाळवलंय, आणि या वेळी त्याच्या एका बाजूला खडूनं भली मोठी फुली मारून ठेवली आहे.